पाचोळा, कचरा, टेकडी : पुण्यात टिकलेले उपक्रम आणि विरून गेलेले

सोनचाफा (कर्वेनगर) | २ मार्च, सकाळी ७:४०

फेब्रुवारी सरत आला की आमच्या सोसायटीत पहाटे धुराचा वास यायचा. आवारात तीन मोठे पर्जन्यवृक्ष, दोन आंबे आणि कंपाउंडच्या कडेने अशोकाची रांग. पानगळ सुरू झाली की माळीकाका झाडलोट करून सगळा पाचोळा मागच्या भिंतीशी लोटायचे आणि काडी लावायचे. माझ्या सासऱ्यांना दमा आहे. ते दोन महिने खिडक्या लावून घ्यायच्या आणि पंप उशाशी ठेवायचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी मी तरातरा खाली गेले आणि माळीकाकांना बोलले. फार बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ताई, गाडीवाला पाचोळा घेत नाही. आठच्या आत आवार साफ दिसलं पाहिजे, असं सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलंय. मी एवढी पानं नेऊ कुठं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या सोसायटीत त्या आधी त्यांना कोणीच हे विचारलं नव्हतं.

मग आम्ही काही जणांनी वेल्डमेशच्या जाळीचे चार बाय चार फुटांचे दोन पिंजरे करून घेतले. पहिल्या रविवारी बावीस माणसं आली. मुलांनी पानं भरली, फोटो काढले, पोहे झाले. तिसऱ्या रविवारी तीन माणसं होतो. एप्रिलमध्ये पानं वाळून कोरडी ठक्क, खत होण्याचं नाव नाही. कोणीतरी त्यात चहाचे कप टाकले, मग उंदीर दिसला, आणि वार्षिक सभेत पिंजरे काढून टाकण्याचा ठराव झाला. मी त्या रात्री रडले होते, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही आधी माळीकाकांबरोबर बसलो. पिंजरे कुठे हवेत, हे त्यांनी ठरवलं. आम्ही ठेवले होते गेटजवळ, म्हणजे सगळ्यांना दिसावेत म्हणून. त्यांनी ते मागे नळाजवळ नेले, कारण पाणी तिथे होतं आणि झाडलोटीचा शेवटही तिथेच व्हायचा. आठवड्यातून दोनदा पाणी मारणं आणि महिन्यातून एकदा वरखाली करणं हे काम त्यांच्या पगारात धरलं, मेंटेनन्समधून दरमहा दीड हजार रुपये जास्त. तयार खतातलं निम्मं त्यांचं, ते त्यांनी इतर बागांना वापरावं किंवा विकावं. हे चौथं वर्ष आहे. आता आमच्या आवारात पान जळत नाही.

धागा काढायचं कारण असं, की शेजारच्या दोन सोसायट्यांनी आम्हाला बोलावलंय आणि त्यांनाही पहिल्या रविवारचा मोठा कार्यक्रम करायचाय. कार्यक्रमाला माझा विरोध नाही. पण पंधराव्या आठवड्यात ते काम कोणाच्या हातात असेल, हे ठरल्याशिवाय पहिला रविवार ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या भागात काय टिकलं, का टिकलं ते सांगा. बंद पडलेल्या गोष्टीही सांगा. त्यातून जास्त शिकता येतं.

--

गच्चीतली_शेती (सहकारनगर) | २ मार्च, ९:१२

सोनचाफा, तुमचा पहिल्या वर्षीचा पाचोळा का कुजला नाही, ते सांगते. नुसत्या पानांत कर्ब भरपूर आणि नत्र कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतं. म्हणून पानांच्या प्रत्येक फूटभर थरावर शेणाचं पाणी, आंबट ताक किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा पातळ पसरायचा. ओल किती, तर मूठभर पानं दाबली की हाताला ओलसर लागावीत, पाणी गळू नये. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, शिरीष यांची बारीक पानं तीन-साडेतीन महिन्यांत विरघळतात. आंबा, अशोक, वड यांची जाड पानं पायाखाली तुडवून किंवा तुकडे करून टाका, नाहीतर ती सहा-आठ महिने तशीच राहतात. जाड पानांचा वेगळा पिंजरा केला तर उत्तम.

मी अमृतजल वापरते. १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस सावलीत ठेवायचं, रोज दोन-तीनदा ढवळायचं, आणि वापरताना दहापट पाणी घालायचं. श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवारातून आलेली ही पद्धत गच्चीवर बाग करणाऱ्या अनेकांनी पिढीजात पाककृतीसारखी एकमेकांना दिली आहे. मलाही ती एका वयस्कर काकूंनी पोस्टकार्डाच्या पाठीवर लिहून दिली होती.

आणि एक. पाचोळा जास्त होत असेल तर तो देऊन टाका. मला गच्चीवर कधीच पुरत नाही. पुण्यात 'ब्राउन लीफ' म्हणून एक उपक्रम नेमका याचसाठी उभा राहिला, ज्यांच्याकडे पानं आहेत आणि ज्यांना हवी आहेत त्यांची गाठ घालून देणारा. माझ्या गच्चीतल्या वाफ्यांत दोन बंगल्यांची आणि एका बँकेच्या आवारातली पानं येतात. पोती मीच नेऊन देते, भरून ठेवली की रिक्षाने आणते. चाळीस पोती मार्च अखेरपर्यंत लागतात.

--

नारायणपेठ | २ मार्च, १०:०५

आमच्या वाड्यात परसात खड्डा होता. खरकटं, पानं, चुलीची राख, सगळं त्यात. वर्षातून एकदा आजोबा ते उपसून जाई-जुईला आणि केळीला घालायचे. वाड्याची इमारत झाली, परस गेलं, आणि तेव्हापासून आमच्या घरातून रोज पिशवी बाहेर जायला लागली. दोन्ही मी पाहिलं आहे.

--

फुरसुंगीकर | २ मार्च, दुपारी १:३०

ती पिशवी जिथे जायची, तिथे मी वाढलो.

शहराचा कचरा डेपो आधी कोथरूडला होता. तिथे वस्ती वाढली, मग तो उरुळी देवाचीला आला. आमचं घर फुरसुंगीत, डेपोपासून चालत पंचवीस मिनिटं. मी शाळेत असताना विहिरीच्या पाण्याला आधी वास यायला लागला, मग रंग. आई ते पाणी भांडी घासायलासुद्धा वापरेना. पाहुणे जेवायला थांबत नसत, माश्यांमुळे. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून गाव कळल्यावर नकार आला. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली तेव्हा गावाने गाड्या अडवल्या. त्या दिवसांत शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले आणि टीव्हीवर लोक नाकाला रुमाल लावून बोलत होते. माझे वडील बातम्या बघत बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आवाज बंद केला.

आता मी हडपसरला १४० फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलाने ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. बिल्डरने ताबा देताना विजेवर चालणारं यंत्र बसवून दिलं होतं. पहिल्या सहा महिन्यांत वीजबिल आलं, मग बेअरिंग गेलं, मग कंत्राटदार फिरकेना. यंत्रावर ताडपत्री आली आणि कचरा पुन्हा गाडीत.

ते यंत्र बंद पडलेलं मला रोज दिसायचं आणि रोज डेपो आठवायचा. शेवटी आम्ही चौघांनी मिळून विटांचे सहा हौद बांधून घेतले, वर पत्रा, बाजूला हवेसाठी जाळी. एक हौद भरायला साधारण आठ दिवस लागतात. सहावा भरेपर्यंत पहिला खाली करण्यासारखा होतो. त्यात विजेचं काही नाही, बंद पडण्यासारखं काही नाही. अळ्या झाल्या की लोक घाबरतात. त्यांना खाली नेऊन दाखवतो की कोरडा पाचोळा किंवा कोकोपीट वर टाकलं की अळ्या आणि वास दोन्ही आटोक्यात येतात. सोनचाफाताई, तुमच्याकडचा जास्तीचा पाचोळा मला द्या. हडपसरपासून टेम्पो घेऊन येतो.

--

सोनचाफा | २ मार्च, रात्री ९:५०

फुरसुंगीकर, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "या माणसाला आपल्याकडे जेवायला बोलाव." पाचोळा तुमचाच. रविवारी सकाळी या, वीसेक पोती तयार ठेवते. जेवूनच जा.

--

मुठाकाठ (डेक्कन) | ३ मार्च, ८:२५

टिकलेल्या उपक्रमांबद्दल विचारलंय, तर पुण्यातला सगळ्यात मोठा आपल्या दारात रोज येतो, त्याचं नाव घ्यायला हवं. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढाव त्यात होते. कचरा वेचणाऱ्या बायकांना तेव्हा चोर समजून हाकलायचे. संघटनेने आधी मिळवलं ते ओळखपत्र. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही वेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. साडेतीन हजारांहून जास्त सभासद, बहुतेक स्त्रिया. घरटी शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, यावर त्यांचं घर चालतं.

सोसायट्यांच्या सभांमध्ये मी अनेकदा ऐकलंय, "महिन्याचे पैसे कशाला द्यायचे, गाडी फुकट नेते." गाडी नेते आणि एकत्र दाबते. मावशी नेतात आणि हाताने वेगळं करतात. दुधाची पिशवी वेगळी, पुठ्ठा वेगळा, काच वेगळी. जे भंगारात जातं ते डेपोवर जात नाही. फुरसुंगीकरांच्या विहिरीचा आणि आपल्या मासिक शुल्काचा संबंध इतका थेट आहे.

आमच्या इमारतीत दोन वर्षांपूर्वी मी एक केलं. वर्गीकरणाची माहिती द्यायला बाहेरचा वक्ता न आणता आमच्या मावशींनाच सभेत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, आणि त्यांच्या त्या तासाचं मानधन दिलं. त्यांनी एका घरची पिशवी (घर न सांगता) सगळ्यांसमोर उघडली. आत भात, बॅटरीचे सेल, फुटलेला ग्लास आणि मुलाचं डायपर, सगळं एकत्र. त्यांनी हाताची दोन बोटं वर केली, त्यावर काचेने कापल्याच्या खुणा. "हा ग्लास तुम्ही पेपरात गुंडाळून वर 'काच' लिहिलं असतं तर?" एवढंच विचारलं. तेव्हापासून आमच्याकडे सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून देतात. ही लाल ठिपक्याची पद्धत वेचकांनीच सुचवलेली, स्वतःच्या हातांसाठी. आजही चुकतं कोणाचं तरी, पण आता चुकलेल्याला शेजारी सांगतात.

--

अनामिक_वाचक | ३ मार्च, ८:५८

+१. मावशींना खुर्चीवर बसवणं आमच्याकडेही करणार.

--

टेकडीचा_पायरस्ता (पाषाण) | ३ मार्च, सायंकाळी ६:१५

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाची पत्रकं सुरू होतील, म्हणून आधीच लिहितो. थोडं कटू वाटेल.

आपल्या टेकड्या मुळात उघड्या नाहीत. काळ्या पाषाणावर वीतभर माती, त्यावर गवत आणि मधूनमधून झाडं, हेच त्यांचं खरं रूप. सालई, गणेर, पांगारा, बारतोंडी, हिवर ही तिथली माणसं, असं मी म्हणतो. त्या गवतात टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. आपण जाऊन 'उजाड टेकडी हिरवी करू' म्हणून खड्डे घेतो आणि पटकन वाढतं म्हणून गिरिपुष्प लावतो. हे मध्य अमेरिकेतून आलेलं झाड. दाट झालं की खाली गवत राहत नाही, आणि मग तिथे चंडोलही राहत नाही. लांबून हिरवं दिसतं एवढंच.

टेकडीवर मला टिकलेलं काय दिसतं, तर रोजची पावलं. हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई, जिथे माणसं रोज चालायला येतात, तिथे बाटल्या उचलल्या जातात, उन्हाळ्यात गवत पेटलं तर पाच मिनिटांत फोन जातो. एप्रिल २०२३ मध्ये टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध वेताळ टेकडीसाठी माणसं रस्त्यावर उतरली. मीही होतो. पुढे-मागे चालणाऱ्यांत निम्मे चेहरे रोजच्या पायवाटेवरचे. कोणाचं नाव माहीत नाही, पण कुत्र्याचं नाव माहीत आहे, अशी ओळख. ही माणसं त्या दिवशी कोणी गोळा केली नव्हती. ती वीस-वीस वर्षं टेकडीवर येतच होती.

तेव्हा या पावसाळ्यात झाड लावायच्या आधी एक वर्षभर त्या टेकडीवर नुसतं चाला, अशी कळकळीची विनंती.

--

पर्वतीपायथा | ३ मार्च, रात्री ८:४०

पायरस्ता, तुमचं वाचून मन दुखलं, म्हणून लिहितोय. आम्ही सात निवृत्त माणसं अकरा वर्षं पाचगाव-पर्वतीच्या उतारावर पाणी घालतोय. पाच लिटरचे कॅन दोन्ही हातांत घेऊन चढायचं, फेब्रुवारी ते जून. आमच्यातले दोघे आता नाहीत. त्यांनी लावलेली करंज आणि कडुनिंब आहेत. ही झाडं चुकीची होती, असं तुम्ही म्हणत असाल तर मला समजावून सांगा, मी शिकायला तयार आहे. पण ती पायाखाली तुडवल्यासारखं बोलू नका.

--

टेकडीचा_पायरस्ता | ३ मार्च, रात्री १०:२०

काका, मला क्षमा करा. माझा शब्द तुमच्या कॅनकडे नव्हता, एका दिवसात पाचशे खड्डे घेऊन जाणाऱ्यांकडे होता, पण मी ते नीट लिहिलं नाही.

पायथ्याला माती खोल असते, तिथे करंज, कडुनिंब छान जगतात आणि कोणाचं घर मोडत नाहीत. माझं म्हणणं माथ्यावरच्या गवताबद्दल आहे. तिथे खड्डा घेऊ नये. तुमच्या अकरा वर्षांच्या झाडांची सावली मी पाहिली आहे, नक्की कुठली ती आता कळलं. या रविवारी तुमच्याबरोबर एक कॅन मी घेतो. परतताना माथ्यावर जाऊ, तिथलं गवत तुम्हाला दाखवतो.

--

पर्वतीपायथा | ४ मार्च, पहाटे ५:३५

सहा वाजता या. दोन कॅन घ्यावे लागतील.

--

रामनदीकाठी (औंध) | ४ मार्च, ११:००

नदीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. रामनदी भूगावजवळच्या खाटपेवाडीच्या तलावाकडून येते आणि बावधन, पाषाण, बाणेर करत औंधला मुळेला मिळते. त्या संगमावर 'जीवितनदी'ची मंडळी काम करतात. मुठेकाठी विठ्ठलवाडीलाही आहेत. त्यांची पद्धत मला पटली. नदीचा एक तुकडा दत्तक घ्यायचा आणि त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा जायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा झाडू-पिशवी घेऊन गेले होते, आणि तिथे एका ताईंनी मला तासभर नुसती झाडं दाखवली. वाळुंज ओळखायला मी तिथे शिकले. मग त्यांनी विचारलं, सकाळपासून घरात काय काय वापरलं? टूथपेस्ट, शाम्पू, भांड्यांचा साबण, फरशीचं फिनेल. हे सगळं गटारातून इथेच येतं.

घरी येऊन भांड्यांना रिठा आणि शिकेकाई सुरू केलं. आधी चिकट राहायची, मग रिठे रात्रभर भिजवून उकळले की जमायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, आम्ही लहानपणी राखेने घासायचो, तुला सांगायचं तर तू ऐकलं नसतंस. खरं आहे.

--

दोनचाकी_बिनपेट्रोल | ४ मार्च, दुपारी ३:१०

मी चालण्याबद्दल. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवतात. पहिल्या वर्षी आईला घेऊन गेलो होतो. तिचं वय ७४, गुडघे दुखतात, गेली कित्येक वर्षं लक्ष्मी रस्त्याला जायचं नाव काढत नव्हती, कारण रस्ता ओलांडायची भीती. त्या दिवशी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि दुकानांचे वरचे मजले बघत राहिली. म्हणाली, "अरे, ही लाकडी गॅलरी अजून आहे." तिने चाळीस वर्षांनी मान वर केली होती.

दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा पूर्वीसारखा. सोनचाफांचा प्रश्न इथे मला जास्त लागतो. एक दिवस छान झाला, उरलेल्या ३६४ दिवसांचं काय? माझ्यापुरतं उत्तर असं शोधलं, की आमच्या गल्लीच्या तोंडाशी पदपथ खचला आहे आणि तिथे आई दोनदा पडली आहे, तेवढा एक नीट करून घ्यायचा. अजून झालेला नाही. कोणाला मार्ग माहीत असेल तर सांगा.

--

क्षेत्रीय_सभा (कोथरूड) | ४ मार्च, सायंकाळी ७:३०

मार्ग आहे, आणि पुण्यात तो बराच जुना आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे. पावसाळ्याच्या सुमारास अर्ज निघतात, क्षेत्रीय कार्यालयात मिळतात, ऑनलाइनही भरता येतो. पदपथ दुरुस्ती, बाक, सायकल लावायची जागा, बसथांबा, उद्यानातली खतनिर्मिती अशी प्रभागातली छोटी कामं त्यात बसतात.

मी सात वर्षं अर्ज भरतोय. अनुभवाच्या चार गोष्टी. 'परिसर सुशोभित करावा' असं लिहू नका. 'अमुक इमारतीच्या गेटपासून अमुक दुकानापर्यंत ३० मीटर पदपथ खचला आहे, समतल करावा' असं मोजून लिहा, फोटो आणि नकाशा जोडा. एकाच कामासाठी दहा घरांनी वेगवेगळे अर्ज भरा. पोच घ्या. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक आलं की त्यात आपलं काम आहे का, ते स्वतः शोधा. माझ्या सात अर्जांतली दोन कामं झाली. एक म्हणजे शाळेसमोरचा पादचारी पट्टा आणि त्याला लागून उतार. मी रोज तिथून जातो आणि मुलं ओलांडताना बघतो.

ज्या सोसायट्यांनी गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल साठवण केली आहे, त्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत आहे. प्रकल्प खरोखर चालू असायला हवा. कमिटीतल्या साशंक मंडळींपुढे हा आकडा ठेवला की चर्चा लवकर पुढे जाते. पाण्याचा हिशेबही ठेवा : १०० चौरस मीटर गच्ची आणि पुण्याचा सरासरी ७०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ७० हजार लिटर. त्यातला पाचवा भाग वाया गेला असं धरलं तरी ५६ हजार लिटर बोअरमध्ये जातं. टँकरच्या पावत्यांशेजारी हा आकडा लिहून नोटीसबोर्डावर लावा.

--

दोनचाकी_बिनपेट्रोल | ४ मार्च, रात्री ८:०२

मोजायला उद्याच टेप घेऊन जातो. खूप आभार.

--

शाडूमाती (कसबा) | ५ मार्च, १०:४५

गणपतीला अजून वेळ आहे, पण मंडळांच्या बैठका लवकर सुरू होतात, म्हणून आत्ताच. प्लास्टरची मूर्ती घरीच बादलीत विरघळवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून आला आणि महापालिका ते वाटत आली आहे. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. बादलीत त्याची बायकार्बोनेटशी क्रिया होऊन खाली कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, जे पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं. घरी प्लास्टरची मूर्ती असेल तर हे जरूर करावं.

शाडूबद्दल मात्र एक गैरसमज आहे, की ती नदीत गेली तरी हरकत नाही. शाडू खाणीतून येते, बरीचशी गुजरातेतून. ती पुन्हा तयार होत नाही, आणि नदीच्या तळावर तिचा थर बसतो. म्हणून गेली काही वर्षं 'पुनरावर्तन' मोहिमेत विसर्जनानंतरची शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. आम्ही आमच्या आळीत करतो. बादलीत विसर्जन, रात्रभर माती खाली बसू द्यायची, वरचं पाणी तुळशीला, आणि गोळा कापडात बांधून वाळवायचा. निर्माल्य आणि दोरे आधी काढायचे, नाहीतर मूर्तिकाराला ती माती वापरता येत नाही. पहिल्या वर्षी आमचं निम्मं असंच वाया गेलं.

टिकलं का? हो, कारण गोळा करायचं काम आमच्याच आळीतला मूर्तिकार करतो. त्याला माती हवीच असते. तो पाचव्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अनंत चतुर्दशीला स्वतः घरोघर फिरतो.

--

सोनचाफा | ५ मार्च, दुपारी २:१५

शाडूमाती, हे मी शेजारच्या सोसायटीच्या बैठकीत जसंच्या तसं सांगणार आहे. ज्याला ती वस्तू खरोखर हवी असते, त्याच्याकडे काम दिलं की आठवण करून द्यावी लागत नाही. आमचे माळीकाका खत हवं म्हणून पिंजरा वरखाली करतात, मूर्तिकाराला माती हवी, मावशींना पुठ्ठा हवा.

बैठकीत आता पिंजऱ्यांच्या आधी दोन गोष्टी ठेवणार : त्यांच्या माळ्यांना आणि मावशींना बैठकीला बोलवायचं, आणि कामाची वेळ व पैसे लिहून काढायचे. नंतर रविवार. नंतर पोहे.

--

हळदीकुंकू_स्टील | ५ मार्च, ४:४०

पोह्यांवरून आठवलं. आमच्या महिला मंडळाने वर्गणी काढून स्टीलची साठ ताटं, वाट्या, चमचे आणि पेले घेतले. सोसायटीतल्या कुठल्याही बारशाला, वाढदिवसाला, सत्यनारायणाला मोफत. अट एकच, घासून आणि मोजून परत. घासायला लागणाऱ्या ताईंचे पैसे कार्यक्रमवाल्यांनी द्यायचे, आधीच. तीन वर्षांत सहा चमचे आणि एक पेला हरवला. थर्मोकोलच्या ताटल्या आवारात दिसत नाहीत. सोनचाफा, तुमच्या रविवारसाठी कर्वेनगरला पाठवू शकतो, आम्ही वारज्यातच आहोत.

--

सोनचाफा | ५ मार्च, ५:०५

पाठवाच. चाळीस ताटं पुरतील.

--

नवीन_भाडेकरू (कर्वेनगर) | ६ मार्च, रात्री ९:३०

सगळा धागा वाचला. मी भाड्याच्या घरात, एकटा, गच्ची नाही, कमिटीत स्थान नाही. घरी एक प्लास्टिकची बादली भोकं पाडून ओल्या कचऱ्याला वापरतोय. नारळाच्या करवंट्या आणि शेंड्या कुजत नाहीत, साठत चालल्या आहेत. त्यांचं काय करू?

--

गच्चीतली_शेती | ६ मार्च, ९:५२

शेंड्या सोडवून कुंडीच्या तळाशी घाला, पाणी धरून ठेवतात. करवंट्या फोडून मोठ्या कुंडीत खाली निचऱ्याला. जास्त असतील तर मला हव्या आहेत.

--

सोनचाफा | ६ मार्च, १०:१०

तुम्ही कर्वेनगरात कुठे? रविवारी सात वाजता मागच्या नळाजवळ या, बादलीही घेऊन या. माळीकाका एकदा बघतील, ओल बरोबर आहे का ते.